बहुस्वरी धर्मगान कसे ऐकावे

इसवी सन १४५० ते १६०० या सुमारे दीडशे वर्षांच्या अवधीत, युरोपातील देवालयांसाठी, बहुतांशी वाद्यांवाचून केवळ मानवी कंठांनी गाण्याकरिता जे बहुस्वरी समूहगान रचले गेले, त्याची कीर्ती ऐकून किंवा वाचून एखादा मराठी रसिक मोठ्या उत्सुकतेने ते ऐकावयास बसतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या ध्यानी येते की आवाज अत्यंत गोड आहेत, वातावरण गंभीर आहे, परंतु हाताला काही लागत नाही. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचे कारण आरंभीच सांगून टाकलेले बरे. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूर-किनवटच्या परिसरात ज्याचा कान घडला, त्याने अखंड हरिनाम सप्ताहातले भजन ऐकलेले असते, होळीला तांड्यावर रंगणारी लेंगी ऐकलेली असते, नांदेडला सचखंड साहिबात पहाटेचे कीर्तन ऐकलेले असते. आणि या सर्वांत कंठ कितीही असले तरी चाल एकच असते. पन्नास माणसे गात असली तरी ती एकाच वाटेने जातात. ज्या संगीताविषयी आपण येथे बोलत आहोत, त्यात चार, पाच किंवा सहा चाली एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांपैकी कोणतीही मुख्य नसते व कोणतीही साथीची नसते. आपला कान सवयीने मुख्य चाल शोधू लागतो, सर्वांत उंच आवाज त्याला आधी सापडतो म्हणून त्यालाच मुख्य समजतो, आणि तो आवाज मध्येच थांबला की निराधार होतो.

यावर उपाय आहे, तो कष्टसाध्यही नाही. तथापि तो सांगण्यापूर्वी हे संगीत आपल्याला वाटते तितके परके नाही, याची खातरजमा करून घेणे योग्य होईल. १५७५ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने टॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या दोन रचनाकारांना संगीत छापण्याचा मक्ता एकवीस वर्षांच्या मुदतीने दिला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण रोममध्ये येशूसंघात दाखल झाला. त्या वेळी रोममध्ये सेंट पीटरच्या देवालयातील गायकवृंदाचा प्रमुख पॅलेस्ट्रिना होता, आणि स्पेनहून आलेला व्हिक्टोरिया त्याच नगरीत येशूसंघाच्या विद्यालयात संगीत शिकवीत होता. चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, हाच स्टीफन्स गोव्याच्या बंदरात उतरला, आणि पुढे त्याने आपल्या मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि गोमंतकातील देवळांतून पुढे दीर्घकाळ म्हटले जात असे. बर्ड आणि स्टीफन्स हे एकाच पिढीचे, एकाच देशाचे आणि त्या देशात निषिद्ध ठरलेल्या एकाच, म्हणजे कॅथलिक, पंथाचे; एक मायदेशी राहून गुप्तपणे उपासनेची गाणी रचीत राहिला, दुसरा येथे येऊन ओवी लिहू लागला. त्याच काळात गोव्यातील पाद्र्यांच्या शाळांतून एतद्देशीय मुलांना गायन आणि ऑर्गनवादन शिकविले जात होते, आणि पोर्तुगालच्या देवालयांत चालणारे बहुस्वरी गान मांडवीच्या तीरावर याच मुलांच्या कंठातून उमटत होते. आपल्या भाषेच्या इतिहासातील एका थोर ग्रंथाचा कर्ता ज्या संगीताच्या सान्निध्यात वाढला, ते संगीत ऐकण्यास मराठी वाचकाला कोणाच्या शिफारसपत्राची आवश्यकता नसावी.

आता प्रत्यक्ष श्रवणाकडे वळू. माझा पहिला आग्रह असा, की आरंभ भव्य रचनेपासून करू नये. टॅलिसचे ‘स्पेम इन आलियुम’ हे चाळीस स्वतंत्र स्वरांचे, पाच-पाच गायकांच्या आठ वृंदांत विभागलेले गान मशहूर आहे आणि त्याच्या नावानेच नवखा श्रोता भुलतो. परंतु ज्याला अद्याप चार स्वर वेगळे ओळखता येत नाहीत त्याला चाळीस ऐकून काय लाभणार? आरंभासाठी मी निःशंकपणे बर्डच्या चार स्वरांच्या ‘मास’ची शिफारस करीन. ‘मास’ म्हणजे कॅथलिक उपासनेतील पाच ठरावीक पाठांची सांगीतिक मांडणी: कायरी, ग्लोरिया, क्रेडो, सांक्टस आणि आग्नुस देई. बर्डने ही रचना १५९२-९३ च्या सुमारास छापली ती मुखपृष्ठावाचून, कारण असा दस्तऐवज घरात सापडणे हेच तेव्हा इंग्लंडात संकट होते. ती मोठ्या देवालयात नव्हे तर एखाद्या सरदाराच्या वाड्यातल्या बंद खोलीत मोजक्या माणसांनी हळू आवाजात गाण्यासाठी होती. म्हणूनच ती लहान खोलीत, थोड्या आवाजात, एकट्याने ऐकली तरी आपले काहीही गमावीत नाही.

त्यातलाही शेवटचा भाग, आग्नुस देई, प्रथम घ्यावा. तो साडेतीन-चार मिनिटांचा आहे आणि नवशिक्यासाठी जणू मुद्दाम रचलेला पाठ आहे. एकाच प्रार्थनेचे तीन चरण त्यात येतात: पहिला केवळ दोन आवाजांत, दुसरा तीन आवाजांत, तिसरा चारही आवाजांत. पहिल्या चरणात एक आवाज एक वाक्य आरंभतो, आणि ते पुरे होण्यापूर्वीच दुसरा आवाज तेच वाक्य निराळ्या उंचीवरून घेतो; आपण दोन्ही सहज ऐकू शकतो, कारण दोनच आहेत. येथेच थांबून हा एवढाच चरण चार-सहा वेळा ऐकावा. मग दुसऱ्या चरणात तिसऱ्या आवाजाची भर कोठे पडते ती जागा हेरावी. तिसऱ्या चरणात शांतीची याचना येते, आणि तेथे बर्डने जे केले आहे ते मनापासून कान देऊन ऐकण्याजोगे आहे: एक आवाज आपला स्वर धरून राहतो, त्याच्या खालचा किंवा वरचा आवाज मात्र पुढे सरकतो, त्यामुळे धरलेला स्वर क्षणभर बोचू लागतो, आणि बोच जाणवताच तो एक पायरी खाली उतरून शांत होतो, परंतु तो उतरेपर्यंत दुसऱ्याच आवाजात तशीच बोच उत्पन्न झालेली असते. अशी साखळी शेवटपर्यंत चालते. ज्या माणसाला आपल्या देशात शांतता मिळत नव्हती त्याने शांतीची प्रार्थना अशा बोचऱ्या स्वरांच्या मालिकेतून मागावी, यात मला त्या रचनेचे सारे मर्म दिसते. संपूर्ण रचनेचा कल, आपल्या परिभाषेत सांगायचे तर, कोमल गंधाराकडे आहे. अगदी अखेरच्या स्वरसमूहात मात्र गंधार शुद्ध होतो. तो क्षण चुकवू नये.

यानंतर आवाजाचा मागोवा घेण्याचा अभ्यास. सोप्रानो हा सर्वांत वरचा आवाज, त्याच्या खाली ऑल्टो, मग टेनर, तळाशी बास. सोप्रानो आपोआप ऐकू येतो, म्हणून त्याच्यामागे जाण्याने कानाला शिक्षण मिळत नाही. टेनर निवडावा. रचना आरंभापासून शेवटपर्यंत फक्त टेनरच्या संगतीने ऐकावी. तो सुटला तर खेद न करता पुढच्या विरामानंतर तो पुन्हा आत येईल तेथे त्याला गाठावा. दुसऱ्या दिवशी बास, तिसऱ्या दिवशी ऑल्टो. या क्रमाने तिन्ही फेऱ्या झाल्यावर जेव्हा चौथ्यांदा कोणालाही न धरता नुसते ऐकाल, तेव्हा पूर्वी जो एकजीव गुंजारव वाटत होता त्याचे पदर गोफाच्या पदरांसारखे सुटे आणि तरीही एकत्र दिसू लागतील. मूळच्या गायकांचीही स्थिती अशीच होती, हे येथे सांगितले पाहिजे: त्यांच्या हाती संपूर्ण रचनेची प्रत नसे, प्रत्येकाच्या पुस्तिकेत केवळ त्याच्या एकट्याच्या आवाजाची ओळ लिहिलेली असे, आणि इतरांचे काय चालले आहे ते त्याला कानानेच जाणून घ्यावे लागे.

हा अभ्यास ज्यांना जड वाटेल त्यांनी आधी जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर कान तासून घ्यावा. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यवृंदसंयोजन गोमंतकीय सेबास्टियन डिसोझा यांनी केलेले आहे, आणि त्या गीतांत गायिकेच्या चालीमागे व्हायोलिनांची एक दुसरी, स्वतंत्र चाल पुष्कळदा वाहत असते. गाणे तोंडपाठ असल्यामुळे लक्ष त्या मागच्या चालीवर ठेवणे सोपे जाते. गोव्याच्या चर्चशाळांतून पिढ्यान्पिढ्या शिकविल्या गेलेल्या संगीताचा वारसा अशा संयोजकांच्या द्वारे मुंबईच्या चित्रसृष्टीत उतरला, त्यामुळे अनेक स्वर एकत्र ऐकण्याचा आरंभ आपण नकळत केव्हाच केलेला आहे.

एका बाबतीत तर भारतीय श्रोता युरोपीय श्रोत्याहून अधिक सज्ज आहे, आणि या मुद्द्यावर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. तंबोरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेच्या गुंजनातून, कोणीही न छेडलेला, एक गंधार आपोआप उमटतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाशी त्याचे प्रमाण पाचास चार असे आहे. पेटीवरचा गंधार मात्र तसा नसतो: एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो, कारण पेटीचे सूर सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात. पियानोचीही तीच गत. परंतु वाद्यावाचून गाणाऱ्या वृंदावर पेटीचे किंवा पियानोचे बंधन नसते. त्यांतील उत्तम वृंद वाक्याच्या अखेरीस जेव्हा स्थिर स्वरसमूहावर येतात, तेव्हा आपला गंधार नेमका त्या स्वयंभू जागी नेऊन ठेवतात, आणि मग चार गळे गात असताना पाचवाच एखादा उंच स्वर घुमटात घुमतो आहे असा भास होतो. ज्याने तंबोऱ्याजवळ बसून डोळे मिटले आहेत त्याला हा स्वर ओळखीचा वाटेल. म्हणून माझे सांगणे असे की या संगीताचे वृंद पारखताना आवाजाची भव्यता पाहू नये, वाक्याच्या अखेरचा गंधार पाहावा. तो विसावला असेल तर वृंद चांगला. तो थरथरत असेल तर वृंद कितीही नामांकित असला तरी ध्वनिमुद्रिका बाजूला ठेवावी.

तालाविषयी एवढेच, की येथे सम शोधू नये. मात्रा सावकाश, साधारण माणसाच्या नाडीच्या गतीने चालते, परंतु प्रत्येक आवाजाचा जोर आपापल्या शब्दावर पडतो आणि चौघांचे जोर एका जागी क्वचितच येतात. आलाप ऐकण्याची ज्याला सवय आहे त्याला याचा त्रास होणार नाही.

शब्दांचा अर्थ मात्र आधी वाचून घ्यावा. पाठ पाचच आहेत आणि सर्व रचनाकारांना तेच. एकदा त्यांचा मराठी अर्थ कागदावर उतरवून जवळ ठेवला की शेकडो रचनांसाठी तो पुरतो. कायरीमध्ये शब्द जेमतेम तीन, आणि तेवढ्यावर चार-पाच मिनिटांचे गान. बंदिशीच्या दोन ओळींवर अर्धा तास ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. उलट क्रेडो हा दीर्घ पाठ, तेथे रचनाकार शब्द भरभर उरकतो, म्हणून आरंभी क्रेडो वगळला तरी चालेल. रचनेची स्वरलिपी पाहण्याची ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर सहस्रावधी रचना विनामूल्य उपलब्ध आहेत. स्वरलिपी वाचता येत नसली तरी कोणता आवाज कोठे आत येतो हे नुसत्या नजरेला कळते.

ध्वनिमुद्रिकांची निवड करताना वृंदाची घडण पाहावी. त्या काळी चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मुभा नसल्यामुळे वरचे आवाज मुले किंवा खोट्या आवाजात गाणारे पुरुष गात; केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा वृंद आजही मुलांकडूनच ते गाऊन घेतो, आणि त्या आवाजात एक कोवळी, किंचित धूसर कांती असते. पीटर फिलिप्स यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या टॅलिस स्कॉलर्स या वृंदात वरचे आवाज स्त्रियांचे असून ते सरळ, कंपनरहित आणि काचेसारखे स्वच्छ असतात. जोस्कॅं या रचनाकाराच्या दोन मासच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९८७ साली ग्रामोफोन मासिकाचा वर्षातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकेचा मान मिळाला. हिलियर्ड एन्सेंबल हा पुरुषांचा वृंद प्रायः एका आवाजाला एकच गायक ठेवी. बर्डचे मास या तिघांनीही मुद्रित केले आहेत. आवाज वेगळे ओळखण्याचा अभ्यास करावयाचा तर एकेका गायकाची मुद्रिका आधी घ्यावी, आणि एकंदर परिणामाचा आस्वाद घ्यावयाचा तर मोठ्या वृंदाची.

मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर हे संगीत कदापि ऐकू नये. बासचा आवाज त्यातून जवळजवळ नाहीसा होतो, आणि पाया काढून घेतलेली इमारत पाहण्यासारखा तो प्रकार होतो. साधा, तारेचा हेडफोनसुद्धा पुरेसा आहे. त्यात गायक डावी-उजवीकडे विभागलेले ऐकू येत असल्यामुळे टेनर हुडकणे सोपे जाते. आवाज लहान ठेवावा. आपल्याकडे रेंज आणि वीज या दोहोंचाही भरवसा नसल्यामुळे रचना आधीच उतरवून घ्यावी, आणि क्रम उलटसुलट करणारी सोय बंद करावी, नाहीतर कायरीनंतर एकदम सांक्टस कानी पडते आणि रचनेचा बांधा मोडतो. पार्श्वसंगीत म्हणून, वाचताना किंवा स्वयंपाक करताना, हे लावण्याची प्रथा वाढली आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे: जे ऐकण्यासाठी चौघांचा मागोवा घ्यावा लागतो ते अर्ध्या कानाने ऐकणे म्हणजे न ऐकणेच होय.

बर्ड पचनी पडल्यावर पॅलेस्ट्रिनाचे ‘मिसा पापाए मार्सेली’ घ्यावे. १५५५ साली जेमतेम तीन आठवडे गादीवर राहिलेल्या पोप मार्सेलसच्या नावाचे हे सहा स्वरांचे मास १५६७ मध्ये छापले गेले. त्यात शब्द अत्यंत स्पष्ट येतात आणि सर्व काही उजळ, समतोल आहे. त्यानंतर व्हिक्टोरियाने सम्राज्ञी मारियाच्या निधनानिमित्त रचलेले आणि १६०५ मध्ये प्रसिद्ध झालेले सहा स्वरांचे मृतात्म्यांसाठीचे गान. माझ्या मते या संपूर्ण परंपरेत याहून गंभीर आणि याहून कोमल असे दुसरे काही नाही. ते वर्षातून एक-दोनदाच ऐकावे, आणि मध्ये न थांबता ऐकावे. टॅलिसचे चाळीस स्वर त्यानंतर. आल्लेग्रीचे ‘मिझेरेरे’ बहुतेक संग्रहांत अग्रभागी असते, पण ते सतराव्या शतकातले आहे, आणि त्यातला जो अत्युच्च स्वर ऐकून श्रोते मोहित होतात तो मूळ रचनेतला नव्हे. त्याने आरंभ केल्यास उंच आवाजाच्या मागे धावण्याची जी खोड मोडावयाची तीच पक्की होते.

आता मैफल. प्रत्यक्ष ऐकणे हे मुद्रिकेहून सर्वस्वी निराळे असते, कारण दगडी देवालयाचा प्रतिध्वनी हा या संगीताचा एक गायकच आहे. वाक्य संपल्यावरही ते काही क्षण कमानीत राहते आणि पुढचे वाक्य त्याच्या छायेत आरंभते. १६०५ मध्ये अभिषेक झालेली जुन्या गोव्याची बॉं जेझू बासिलिका किंवा १५६२ मध्ये पायाभरणी झालेले शेजारचे से कॅथेड्रल यांत उभे राहून एक साधा हुंकार दिला तरी याची प्रचिती येते. अशा वास्तूत पहिल्या रांगेत बसू नये, तेथे एकेक गायक सुटा ऐकू येतो. अगदी मागेही बसू नये, तेथे सर्व काही विरघळते. सभागृहाच्या मध्याच्या थोडे पुढे ही उत्तम जागा. कोरड्या, आधुनिक नाट्यगृहात मात्र पुढे बसावे.

मासच्या पाच भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत, आणि अखेरचा स्वर थांबताच घाईने तर मुळीच वाजवू नयेत. संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे. ‘वाहवा’ ही आपल्याकडची दाद येथे गैरलागू आहे, तिच्यामागचा भाव कितीही प्रामाणिक असो. देवालयात खांदे झाकलेला पोशाख असावा.

आपल्याला पोहोचण्याजोगी ठिकाणे दोन. मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी स्थापन केलेला आणि त्यांच्या पश्चात कूमी वाडिया यांनी दशकानुदशके सांभाळलेला परंज्योती अकॅडमी कोरस, त्याचप्रमाणे स्टॉप-गॅप्स हा वृंद, नाताळच्या सुमारास कार्यक्रम करीत आले आहेत. अशा संमिश्र कार्यक्रमांत जुनी रचना बहुधा आरंभीच येते, म्हणून उशिरा पोहोचणाऱ्याची तीच हुकते. गोव्यात जुन्या गोव्याच्या टेकडीवरील अवर लेडी ऑफ द माउंटच्या कपेलात फेब्रुवारीच्या सुमारास मोन्ते संगीत महोत्सव भरतो, आणि २०१६ पासून सुरू झालेल्या केतेवान महोत्सवात जगभरातील धर्मसंगीत ऐकावयास मिळते. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, गोमंतकातील अनेक चर्चमधून स्थानिक संगीतशिक्षकांनी रचलेली ‘मोटेट’ नावाची धर्मगीते व्हायोलिन-क्लॅरिनेटच्या साथीने गायिली जातात. ती आपल्या विषयाच्या काळानंतरची आहेत, परंतु त्याच मुळाचे फुटवे आहेत, आणि त्यांना तिकीट नाही. तेथे आपण श्रोते नसून उपासनेला आलेले पाहुणे असतो, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

किनवटहून नंदिग्राम एक्स्प्रेसने किंवा नांदेडहून देवगिरीने मुंबई, आणि तेथून मांडवी किंवा कोकणकन्येने करमळी. जुने गोवे करमळी स्थानकापासून अगदी जवळ आहे. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या आधी पडताळून पाहाव्यात, आणि कार्यक्रमात कोणत्या रचना आहेत हे कळले की निघण्यापूर्वीचा एक आठवडा त्याच रचना, रोज एक आवाज धरून, घरी ऐकून जाव्यात.